स्कूटर स्टँडच्या पावत्या

वसई रोड स्टेशनबाहेरच्या स्कूटर स्टँडच्या पावत्या मी एका बाईंच्या आयकर रिटर्नमध्ये करमुक्त खर्च म्हणून दाखवल्या. त्या तशा दाखवता येत नाहीत हे मला ठाऊक होतं. बाईंनी मला स्पष्ट विचारलं होतं, तेव्हाही ठाऊक होतं. पुढे दंड झाला तो त्यांना झाला, आणि हे कसं झालं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

माझी चूक एवढीच आहे. बाकी सगळा तपशील आहे. पण त्या तपशिलाच्या आड मी बराच काळ लपून बसलो, म्हणून तोही नीट लिहितो.

मी लोकांची रिटर्न भरून देतो. सीए नाही. मुंबईत एका कंपनीच्या हिशेब खात्यात बावीस वर्षं होतो. कंपनीनं ते खातं दुसऱ्या शहरात हलवलं, तेव्हा मी माणिकपूरमध्ये एका बेकरीच्या वरची खोली भाड्यानं घेतली आणि दारावर पाटी लावली. राहतो पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत. माझे बहुतेक लोक नोकरदार, थोडे दुकानदार. जुलै महिन्यात माझ्या जिन्यावर चपलांना जागा उरत नाही, आणि उरलेलं वर्ष मी खालून येणारा पावाचा वास घेत बसतो.

ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या ताई खाडीकडच्या एका गावातल्या. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. वयानं त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असतील. घरची केळीची वाडी आहे, ती यजमान आणि मोठे दीर बघतात. ताई मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या औषधभांडारात नोकरी करतात. सकाळी स्कूटरनं स्टेशनपर्यंत, स्कूटर स्टँडवर, पुढे गाडी.

गावात त्यांचं आणखी एक काम होतं. रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर माणसं कागद घेऊन येऊन बसत. कुणाचं बँकेचं खातं बंद पडलेलं, कुणाचं रेशनकार्डावरचं नाव चुकलेलं, कुणाच्या मुलीचा कॉलेजचा अर्ज. ताई चष्मा लावून एकेकाला जवळ बसवत आणि फॉर्म भरून देत. त्या घरात बारावीच्या पुढे शिकलेल्या त्या एकट्याच. सासरी आल्या तेव्हा शिकलेली सून म्हणून घरात थोडी कुचेष्टा झाली होती. पुढे त्याच शिक्षणासाठी लोक दाराशी येऊ लागले. "भाऊ, माझ्या हातचा एक फॉर्म अजून परत आला नाय," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. एवढीच बढाई मी त्यांच्या तोंडून ऐकली. मग स्वतःचं रिटर्न माझ्याकडे का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "इन्कम टॅक्सची मला भीती वाटते. तिथं आपलं शिक्षन पुरं पडत नाय."

त्या वर्षी जुलैत त्या आल्या त्या हॉस्पिटलनं दिलेल्या पगाराच्या फॉर्म सोळाबरोबर एक जाड पाकीट घेऊन. पाकिटात वर्षभराच्या स्कूटर स्टँडच्या पावत्या होत्या. महिन्यामहिन्याच्या वेगळ्या, टाचलेल्या, वर पेन्सिलनं महिन्याचं नाव.

"भाऊ, एक विचारू? हसायचं नाय."

"विचारा की."

"ही स्कूटर मी काय फिरायला नेते का? कामाला जाते म्हनून स्टँडवर लावते. काम नसतं तर मी कशाला गेले असते स्टेशनला? मग हा खर्च कामाचाच झाला ना? तो टॅक्समधून वजा होत नाय?"

मी हसलो नाही. बावीस वर्षं मीही त्याच स्टँडवर स्कूटर लावली होती आणि हाच प्रश्न मनातल्या मनात सरकारला विचारला होता.

उत्तर साधं आहे. माझ्या खालचा बेकरीवाला मैदा आणायला टेम्पो घेऊन भिवंडीला जातो, तिथं पार्किंगचे पैसे भरतो, ते त्याच्या धंद्याच्या खर्चात बसतात. नोकरदाराचं तसं नाही. घरून कामावर जाणं आणि परत येणं हे कायद्याच्या लेखी काम नव्हेच. ती तुमची खासगी बाब. तुम्ही लांब राहता हा तुमचा प्रश्न. पूर्वी पगारातल्या प्रवासभत्त्याचा थोडा भाग करमुक्त असे. तोही काही वर्षांपूर्वी काढून टाकला, आणि अपंग कर्मचाऱ्यांची सवलत तेवढी ठेवून बाकी सगळ्यांना सरसकट एक स्टँडर्ड डिडक्शन दिलं. तुमचं पेट्रोल, पास, स्टँड सगळं त्यात आलं असं समजायचं. ऑफिसच्या कामासाठी बाहेर पडावं लागतं म्हणून मालक जो भत्ता देतो, तो खर्च झाला तेवढा करमुक्त धरतात. पण तो कामावर असतानाच्या फिरण्याचा. घर ते स्टेशन त्यात येत नाही.

हे मी ताईंना सांगायचं होतं. दोन मिनिटं लागली असती. त्या "बरं" म्हणाल्या असत्या, पाकीट पिशवीत परत ठेवलं असतं आणि आमच्या दोघांच्या आयुष्यात काहीच घडलं नसतं.

मी म्हणालो, "तुम्ही मधूनमधून हॉस्पिटलच्या दुसऱ्या गोदामात जाता ना, माल तपासायला?"

"जाते महिन्यातून एकदोनदा. पन त्याचे पैसे हॉस्पिटल देतं."

"मग झालं तर. बसवतो मी त्यात."

"हे चालतं ना भाऊ? नाय तर राहू द्या. मला काय जास्तीचं नको."

"चालतं. सगळे करतात."

सगळे करत नव्हते. निदान माझ्याकडे कुणाचंच मी तसं केलं नव्हतं. मग ताईंचंच का केलं, याचा मी खूप विचार केला आहे. एक तर तो माझा जुना राग होता, जो मी त्यांच्या नावावर काढला. आणि दुसरं, मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं की भाऊ, तुम्ही होता म्हणून झालं. नोकरी गेल्यापासून असं मला कुणी म्हणालं नव्हतं. स्टँडच्या पावत्या, वर पेट्रोलचा अंदाज, असा एक आकडा मी 'कामासाठीचा प्रवासभत्ता' या रकान्यात टाकला. फॉर्म सोळामध्ये असा भत्ता कुठंच नव्हता. बटण दाबायला क्षणही लागला नाही.

त्यांना परतावा जास्त आला. ताईंनी फोन करून मला हवं होतं ते नेमकं म्हटलं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, तिच्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. आयकर खात्याच्या पोर्टलवर प्रत्येकाचा ईमेल आणि मोबाइल नोंदवावा लागतो. लोकांना ओटीपी सांगायला वेळ नसतो, कुणाला मेल उघडता येत नाही, कुणाचा फोन गाडीत लागत नाही. म्हणून आम्ही सरळ स्वतःचाच ईमेल टाकून मोकळे होतो. असे माझे चार ईमेल आहेत. त्यातल्या एकावर ताई होत्या. म्हणजे सरकार ताईंना जे कळवणार ते मला कळणार, आणि मी सांगेन तेवढंच ताईंना.

दिवाळीनंतर मेल आला. वर ताईंचं पूर्ण नाव. मजकूर धमकीचा नव्हता, उलट समजूतदार होता. तुम्ही दाखवलेला भत्ता तुमच्या मालकाच्या माहितीशी जुळत नाही. चूक झाली असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत सुधारित रिटर्न भरा. भरलं असतं तर वाचलेला कर आणि थोडं व्याज, एवढ्यावर भागलं असतं. दंड नाही, डाग नाही.

मी फोन हातात घेतला आणि ताईंना काय सांगायचं ते मनाशी जुळवू लागलो. 'ताई, मी चुकीचं भरलं.' ते काही तोंडात बसेना. उद्या सांगू म्हणून मी तो मेल पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवला. तशी सोय असते. न वाचलेल्या मेलची अक्षरं ठळक होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक लावला, तर सगळ्या फिक्या नावांमध्ये त्यांचं एकटं नाव ठळक होतं. उघडला, वाचला, पुन्हा न वाचलेला केला. असं मी पुढचे कित्येक दिवस केलं. रोज सकाळी ताई माझ्या आधी खोलीत येऊन बसलेल्या असत. डिसेंबरची एकतीस तारीख मी कपाटातल्या जुन्या फायली झाडण्यात घालवली. त्यानंतर त्या मेलला काही अर्थ उरला नव्हता, तरी तो मी पुसला नाही. ठळकच ठेवला.

पुढच्या जुलैत ताई पुन्हा पावत्यांचं पाकीट घेऊन आल्या.

"यंदा नको त्या," मी म्हणालो. "नियम बदलला."

"असं? बरं झालं, सांगितलंत. टाचायचे कष्ट वाचले."

नियम तोच होता.

त्या हिवाळ्यात एका रविवारी मी आणि बायको कळंबला गेलो होतो. किनाऱ्यावर मासळी वाळत घातली होती, बायको शिंपले बघत पुढे गेली होती, आणि माझ्या खिशात फोन वाजला. ताईंच्या नावे दंडाचा आदेश. मधल्या काळात दोन नोटिसा येऊन गेल्या होत्या, त्यांना मी उत्तर दिलं नव्हतं, आणि उत्तर नाही म्हणजे कबूल असं धरून खात्यानं आपलं काम केलं होतं. नुसता कर कमी भरला म्हणून नव्हे, चुकीची माहिती दिली म्हणून. त्याला दंड फार मोठा असतो. मी फोन चपलेत ठेवला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. बायको लांबून ओरडली, "अहो, पँट भिजतेय!" मला तिला हात करता येईना.

मेल माझ्या हातात होते, टपाल नव्हतं. कागद रजिस्टर पोस्टानं ताईंच्या घरी गेला. पोस्टमननं तो ओटीवर बसलेल्या मोठ्या दिरांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून सगळ्यांसमोर वाचून घेतला. म्हणजे ताई कामावरून घरी पोचायच्या आत गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊ, यात लिहिलंय मी खोटी माहिती दिली. मी काय खोटं लिहिलं?"

मी कागद घेतला आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचला. पाठ होता मला तो. वाचता वाचता वेळ काढला, आणि मग म्हणालो, "ताई, त्या पावत्या तुम्ही दिल्यात ना, त्यांनी घोळ झाला. मला वाटलं त्या गोदामाच्या कामाच्या आहेत."

त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहत होतो. आला असता तर कदाचित मी तिथंच सगळं सांगून टाकलं असतं. पण त्या आठवत होत्या. मी जे बोललो ते खरं मानून, आपण कधी काय म्हणालो ते प्रामाणिकपणे आठवत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "मीच आनल्या त्या. मीच मागं लागले. तुम्हाला उगाच त्रास झाला. सॉरी हा भाऊ."

अपील करता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी भरून टाका म्हणालो. अपील केलं असतं तर तारखा निघाल्या असत्या. कुठला मेल केव्हा गेला, कुठल्या पत्त्यावर गेला, सगळं. त्यांनी भरून टाकलं.

त्यानंतरच्या दोन जुलैंमध्ये ताई आल्या त्या हातात पुडा घेऊन. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, केळीच्याच पानात बांधलेली. "मागं तुम्हाला त्रास झाला ना माझ्यामुळं," असं म्हणून त्या पुडा टेबलावर ठेवत आणि पुन्हा एकदा सॉरी म्हणत. मी तो घरी नेई. बायकोला आवडतात. मी एकही तुकडा खाल्ला नाही, आणि का खात नाही ते सांगितलंही नाही.

'सॉरी हा भाऊ' हे तीन शब्द मला कुठंही ऐकू येऊ लागले. रिक्षाच्या रांगेत कुणाचा धक्का लागला आणि मागून बाईचा आवाज आला, की मी दचकून वळायचो. शाळा सुटली की माणिकपूरच्या रस्त्यावर पोरींचा कलकलाट होतो, त्यातून एखादी मैत्रिणीला सॉरी म्हणायची, आणि माझ्या हातातला चहा थांबायचा. स्टेशनजवळच्या स्टँडवर ताईंची राखाडी स्कूटर कुठं उभी असते ते मला माहीत होतं: तिसरी रांग, खांबाला लागून. मी त्या बाजूनं जाणं सोडलं. लांबचा पूल चढून उतरू लागलो, आणि तरी पुलावरून नजर तिथंच जायची. स्कूटर दिसली तर बरं वाटायचं नाही. दिसली नाही तर त्याहून वाईट वाटायचं: आज का नाही आल्या, आजारी पडल्या का, घरी काही झालं का. माझ्या मनात त्यांच्या घरी आता जे काही होईल ते माझ्यामुळेच होणार होतं.

मी बाकी सगळ्यांचे ईमेल बदलायला लागलो. एकेकाला समोर बसवून त्याचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल. लोक वैतागले. "साहेब, आता आम्ही कुठं ओटीपी बघत बसू?" मी कारण सांगायचो नाही. ताईंचा मात्र बदलला नाही. तो बदलायचा तर त्यांना समोर बसवावं लागलं असतं आणि जुने मेल त्यांच्या डोळ्यांसमोर उघडले असते.

हे असंच चालू राहिलं असतं, हे मला कबूल करायला हवं. मी आपणहून उठलो नाही. गेल्या फेब्रुवारीत एक म्हातारी बाई जिना चढून आली. दोनदा थांबून चढली असावी, कारण आल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिली. मग पिशवीतून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा कागद काढला. गावाचं नाव सांगितलं. ताईंचंच गाव.

मी म्हणालो, "मावशी, एवढ्यासाठी एवढं लांब कशाला आलात? तुमच्या गावात त्या ताई आहेत ना, त्या भरून देतात."

"ती नाय भरत आता."

"का?"

"तिच्या हातून चूक होते ना. तिला सरकारनं दंड नाय का केला?" म्हातारीनं हे अगदी सहज सांगितलं, एखाद्याला दिसेनासं झालंय असं सांगावं तसं. "मी गेले होते तिच्याकडं. पेन हातात घेतला आनि खाली ठेवला. म्हनाली, मावशी, माझ्यावर नका विसंबू. तिनंच तुमचा पत्ता दिला. म्हनाली, ते भाऊ बरोबर भरतात."

मी तो कागद भरला. पाच ओळी होत्या. म्हातारीनं पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढली. मी ती घेतली नाही. तिला खाली नेऊन रिक्षात बसवलं. वर येऊन खुर्चीत बसलो. मी इतके दिवस समजत होतो की ताईंचे पैसे गेले, आणि चार लोकांत नाव गेलं. त्यांची स्वतःवरचीच खात्री गेली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी गेली दोन वर्षं पेन उचलून खाली ठेवला होता, तो माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी संपवलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं ते हे:

"म्हणजे ती सुकेळी?"

"हो."

"त्या माफी म्हणून आणत होत्या?"

"हो."

"आणि तुम्ही मला खाऊ दिलीत? दोन वर्षं? मी त्यांना फोन करून 'छान होती, पुढच्या वेळी जास्त द्या' म्हणाले होते हो! हसत हसत म्हणाले होते!" तिनं ताट बाजूला सारलं. "तुम्ही नाही खाल्लीत ती. मला वाटलं, साखरेला घाबरता."

"उद्या फोन करतो त्यांना."

"फोन? फोनवर तुम्ही बोलाल आणि त्या बिचाऱ्या 'असू दे भाऊ' म्हणून ठेवून देतील. मग तुम्हाला शांत झोप लागेल. त्यांचं काय? त्या दिरांनी कागद कुठं वाचून घेतला म्हणालात?"

"ओटीवर."

"मग ओटीवर जा. रविवारी, सगळे असतात तेव्हा."

"लोकांसमोर?"

"नाही तर काय, बंद खोलीत? दंडाचा कागद बंद खोलीत वाचला होता का?"

मी सगळे मेल तारखांसकट छापून घेतले आणि रविवारी सकाळी गेलो. गावात शिरताना दोन्ही बाजूंना वाड्या आहेत, केळीची पानं रस्त्यावर आलेली. दोनदा मी गाडी थांबवली. दुसऱ्यांदा एक माणूस जवळ येऊन म्हणाला, "रस्ता चुकलात का?" त्याला हो म्हणता येत नव्हतं. रस्ता बरोबर होता.

ओटीवर मोठे दीर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "या, या वकीलसाहेब. काय, आनखी एखादा दंड आनलात काय आमच्या शिकलेल्या बाईला?" बाजूला शेजारचे दोघं बसले होते, ते हसले. ताईंचे यजमान वाडीतून आले, हातपाय धुऊन खांबाशी टेकले. ताई आतून आल्या त्या घाईघाईनं, हात पदराला पुसत.

"भाऊ तुम्ही? फोन करायचा ना, मीच आले असते. बसा. चहा टाकते."

"चहा नको ताई. तुम्ही बसा. मला बोलायचंय."

"काय झालं? परत काय आलं का?" त्यांचा चेहरा उतरला. एका हातानं त्यांनी दाराची चौकट धरली. हे पाहून मी जे पाठ करून आलो होतो ते निसटून गेलं. मी भलतीकडूनच सुरुवात केली. म्हणालो, की प्रवासभत्त्याच्या बाबतीत कायद्यात असं आहे, की कामावरचा प्रवास आणि कामाला जाण्याचा प्रवास यांत फरक करतात, आणि सुधारित रिटर्नची जी मुदत असते...

"ओ साहेब," दीर म्हणाले, "आम्हाला कायदा नाय कळत. आमच्यात ज्यांना कळतो, त्यांनीच तर घोळ घातला."

शेजारचे पुन्हा हसले. ताईंनी मान खाली घातली. सवय झालेलं माणूस घालतं तशी घातली, हे मला दिसलं.

"भाऊ," त्या हळू म्हणाल्या, "काय असेल ते सरळ सांगा. मी भरीन."

मी उठून उभा राहिलो. कागदांची पिशवी हातात होती, ती दिरांच्या पुढ्यात ठेवली.

"दादा, घोळ यांनी घातला नाही. मी घातला. यांनी मला विचारलं होतं, हे चालतं का, नाही तर राहू द्या. चालत नाही हे मला माहीत होतं आणि मी चालतं म्हणालो. रकान्यात आकडा मी टाकला. सरकारनं आधी साधं पत्र पाठवलं होतं, दुरुस्त करा म्हणून. तेव्हा केलं असतं तर एक रुपया दंड लागला नसता. ते पत्र माझ्याकडे आलं, कारण यांच्या जागी मी माझा पत्ता लिहिला होता. मी ते यांना दाखवलं नाही. त्यानंतरचीही दाखवली नाहीत. सगळी त्या पिशवीत आहेत, तारखा आहेत, कुणाकडूनही वाचून घ्या. पुढच्या वर्षी नियम बदलला म्हणालो, तेही खोटं. कागद घरी आल्यावर या माझ्याकडे आल्या, तेव्हा तुमच्या पावत्यांनी घोळ झाला असं मी यांना तोंडावर सांगितलं. या त्यावर मलाच सॉरी म्हणाल्या, आणि मी ते ऐकून घेतलं. तीनदा ऐकून घेतलं."

कुणी हसलं नाही. ताईंकडे बघायला मला वेळ लागला. त्यांनी चौकट सोडली होती.

"ताई, दंडाचे पैसे माझे आहेत, ते मी देणार आहे, आणि तुम्ही नको म्हणायचं नाही. पण मी त्यासाठी आलेलो नाही. तुम्ही कुठलाच कागद चुकीचा भरलेला नाही. तुमच्या हातून चूक झालेली नाही, ती माझ्या हातून झाली, आणि मी ती तुमच्या नावावर टाकून दोन वर्षं गप्प बसलो. भीतीनं बसलो, दुसरं काही कारण नाही. मला माफ करा."